रकाना कुणी भरायचा?

समुपदेशकाला भेटून घरी परतणाऱ्या माणसाच्या हातात हल्ली बऱ्याचदा एक आखलेला कागद असतो. वर आठवड्याचे वार, डावीकडे चार-पाच साध्या गोष्टी: वेळेवर उठणं, दुपारचं जेवण न टाळणं, संध्याकाळी थोडं चालणं, एका माणसाला फोन करणं. जे केलं त्यापुढे खूण करायची. इतक्या साध्या कागदाने आयुष्याची घडी बसते का, ही शंका रास्त आहे. मला या कागदाबद्दल आस्था आहे, पण तो प्रत्येक हातात सारखाच वागतो असं मात्र वाटत नाही. त्याने कधी माणसाला उभं केलंय, कधी अंकित केलंय. त्याचा इतिहास चाळताना मला एकाच प्रश्नाची सोबत वाटत आली: रकाना भरतं कोण, आणि भरल्यावर त्याचा हिशेब मागतं कोण?

अठराव्या शतकात फिलाडेल्फियातला एक तरुण मुद्रक, बेंजामिन फ्रँकलिन, स्वतःला घडवायला निघाला. त्याने तेरा सद्गुण निवडले, एका लहान वहीत लाल शाईने सात उभे रकाने आणि तेरा ओळी आखल्या. दर आठवड्याला एका सद्गुणाकडे विशेष लक्ष, म्हणजे तेरा आठवड्यांचं एक आवर्तन आणि वर्षात चार आवर्तनं. त्या वहीत खूण व्हायची ती चुकलेल्या गोष्टीची. काळा ठिपका म्हणजे दोष, आणि स्वच्छ पान हे उद्दिष्ट. खाडाखोडीने वहीला भोकं पडू लागली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांवर कायमच्या रेघा आखून घेतल्या. त्यावर शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजने पुसता येत. आपल्यात वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त दोष आहेत, याचं त्याला आश्चर्य वाटलं, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलंय. नीटनेटकेपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही. तरीही ही वही मला मोलाची वाटते, कारण ती त्याने स्वतः आखली होती आणि स्वतःच तपासली होती. मात्र केवळ दोष मोजणारा तक्ता खचलेल्या माणसाच्या हाती द्यायचा विचारही करवत नाही. त्याच्या मनात काळ्या ठिपक्यांची वही आधीच भरलेली असते.

पुढच्या शतकाच्या तोंडाशी तक्ता शाळेत शिरला आणि पेन दुसऱ्याच्या हाती गेलं. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरच्या शाळेत चांगल्या वर्तनाला तिकिटं मिळत, ती साठवून बक्षीस घेता येई. त्याच शाळेत चुकणाऱ्या मुलाला टोपलीत घालून छताला टांगण्याची शिक्षाही होती. बक्षीस आणि अपमान एकाच छपराखाली नांदू शकतात, हे तेव्हापासून दिसत आलंय.

तक्त्यामागचं शास्त्र फार उशिरा आलं. 1898 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकने मांजरांना पेटीत ठेवून दाखवलं की ज्या कृतीचं फळ सुखद, ती कृती पुन्हा घडते. बी. एफ. स्किनरने 1938 च्या आपल्या ग्रंथात हा विचार खूप पुढे नेला. त्याने एक नोंदयंत्र वापरलं: कागद संथपणे सरकत राहायचा आणि उंदराने कळ दाबली की लेखणी एक पायरी वर चढायची. उंदीर स्वस्थ बसला तर रेष आडवी जायची. चुकीची वजाबाकी त्या यंत्रात नव्हतीच. फ्रँकलिनच्या काळ्या ठिपक्यांनंतर मला ही फार मोठी उलटापालट वाटते. जे घडलं ते मोजा, ते वाढेल अशी परिस्थिती घडवा. जे घडलं नाही त्याबद्दल कुणाला दोष देत बसू नका.

या विचाराची खरी कसोटी मनोरुग्णालयात लागली. 1961 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या अ‍ॅना स्टेट हॉस्पिटलमध्ये तेओडोरो आयलॉन आणि नेथन अझ्रिन यांनी एका वॉर्डात टोकनची पद्धत सुरू केली. तिथल्या स्त्रिया वर्षानुवर्षं दाखल होत्या आणि त्यांच्याकडून कुणी कसलीच अपेक्षा ठेवत नसे. दात घासले, अंथरुण आवरलं, स्वयंपाकघरात किंवा धुलाईच्या कामात हात लावला की टोकन मिळायचं. टोकन देऊन आवडीची खोली, वॉर्डबाहेर फेरफटका, कर्मचाऱ्याशी निवांत बोलण्याची वेळ, दुकानातली वस्तू मिळायची. स्त्रिया कामाला लागल्या. टोकन कामाशी न जोडता आपोआप मिळू लागलं, तेव्हा काम घसरलं. पुन्हा जोडल्यावर सावरलं. ज्यांना समाजाने संपलेलं मानलं होतं, त्या शिकू शकतात हे यातून सिद्ध झालं. या प्रयोगाचं हे श्रेय कुणी हिरावून घेऊ नये.

पण त्या यादीकडे पुन्हा पाहिलं की अस्वस्थ व्हायला होतं. माणसाशी एकांतात बोलणं हे बक्षीस कसं असू शकतं? इतर रुग्णालयांनी ही पद्धत उचलली तेव्हा काही ठिकाणी पलंग आणि जेवणही टोकनच्या मोबदल्यात गेलं. 1972 मध्ये अलाबामातल्या वायट विरुद्ध स्टिकनी खटल्यात न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी रुग्णांच्या हक्कांचे किमान निकष घालून दिले. पलंग, आहार, खाजगीपणा हे हक्क ठरले. हक्क कमवावे लागत नाहीत. त्या निकालाचा धडा आजच्या घरालाही लागू आहे. मुलाचं जेवण, आईची जवळीक, रात्रीची गोष्ट ही तक्त्यावरची बक्षिसं होता कामा नयेत.

पुढच्याच वर्षी वेगळ्या दिशेने धक्का बसला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतली, रंगीत मार्करने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अनपेक्षित दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आश्वासन मिळालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळत होती. या प्रयोगावर वाद पुष्कळ झाले. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की जिथे आवड आहे तिथे बक्षीस आणू नये. जिथे आवड विझली आहे किंवा व्यसनाने तिची जागा घेतली आहे, तिथे गोष्ट वेगळी. 1990 च्या दशकात व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या व्यसनींना लघवीची तपासणी स्वच्छ आली की वस्तूंसाठीची व्हाउचर्स दिली, आणि ती उपयोगी ठरली.

दरम्यान तक्त्याची वही परत माणसाकडे येऊ लागली होती. स्किनरचाच विद्यार्थी ऑग्डेन लिंड्स्ली याने प्रमाणित आलेख बनवला आणि तो भरायला मुलांच्याच हाती दिला. मग लक्षात आलं की नुसती नोंदही वागणं बदलते; मात्र काय नोंदवता, यावर बदलाची दिशा ठरते. रिचर्ड मॅकफॉलच्या 1970 च्या अभ्यासात आपण ओढलेल्या सिगारेटी मोजणाऱ्या विद्यार्थ्यांचं धूम्रपान वाढलं. तलफ येऊनही न ओढल्याचे क्षण मोजणाऱ्यांचं कमी झालं. तक्ता आखणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

एरन बेक आणि सहकाऱ्यांच्या 1979 च्या ग्रंथात नैराश्यग्रस्त माणूस दिवसाची तासागणिक नोंद करतो, आणि प्रत्येक कृतीपुढे ती जमल्याचं समाधान किती, आनंद किती, याचे आकडे लिहितो. ‘मी दिवसभर काहीच केलं नाही’ असं तो मनापासून सांगत असतो. कागदावर मात्र भाजी आणलेली दिसते, मुलीची वेणी घातलेली दिसते. इथे बक्षीस उरलेलंच नाही. त्या जागी पुरावा आलाय, आणि तोही त्याच्याच अक्षरात. 1996 मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने दाखवलं की बेक यांच्या उपचाराचा नुसता हा कृतीचा भागही संपूर्ण उपचाराच्या तोडीचा ठरतो.

याचा सर्वात मोलाचा पडताळा आपल्या शेजारी, गोव्यात झाला. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 प्रौढ रुग्णांवर अभ्यास केला, तो 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सल्ला देणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली समाजातलीच सामान्य माणसं होती. सहा ते आठ भेटींत रुग्णाला पुन्हा कृतीकडे, माणसांकडे नेणं हा त्यांच्या कामाचा गाभा होता. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना तो मिळाला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होतं. मानसोपचारतज्ज्ञ ज्या तालुक्यांत औषधालाही सापडत नाहीत, तिथे या आकड्यांचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको.

आज तक्ता मोबाइलमध्ये आलाय, आणि मला भीती वाटते की काळा ठिपकाही परत आलाय. सलग दिवसांची साखळी मोजणारी अ‍ॅप एक दिवस हुकला की आकडा शून्यावर आणतात. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागलेले दिसले, कुणाला 18, तर कुणाला 254 पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे ते शून्य खोटं आहे. चांगला समुपदेशक रिकामा रकाना पाहून आधी विचारतो, मंगळवारी काय झालं होतं? त्या दिवशी सासूबाई आजारी होत्या, पाळी आली होती, किंवा चालायला जायचा रस्ता पावसाने तुंबला होता, असं काहीतरी निघतं. मग पुढच्या आठवड्याच्या तक्त्यात चालण्याच्या जागी घरातल्या घरात करता येईल असं काही येतं. ते काय असावं हे रुग्ण सांगतो, आणि पेन त्याच्याच हातात असतं.