शत्रूचे कान

क्षमा कोणी करायची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्याने अपराध केला त्याने क्षमा मागावी आणि ज्याचा अपराध झाला त्याने ती द्यावी, असा साधा हिशेब आपण धरून चालतो. शेजाऱ्याशी झालेल्या बांधावरच्या भांडणाला तो पुरतोही. परंतु यादवी युद्धात ज्याच्यावर सर्वांत मोठा अन्याय झालेला असतो तो माणूस मेलेला असतो. त्याच्या वतीने बोलायला पुष्कळजण पुढे येतात. त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मात्र त्यांच्यापैकी कोणालाच नसतो. पोटच्या मुलालाही नसतो. म्हणूनच, परस्परांचे रक्त सांडलेल्या दोन पक्षांतले दोन गायक एकत्र येऊन शांततेची गाणी गातात आणि जग टाळ्या वाजवते, तेव्हा त्या टाळ्यांत सामील होण्यापूर्वी मी थबकतो. हे दोघे कोणाच्या वतीने गात आहेत? ज्यांची घरे जळली त्यांना विचारून त्यांनी हा तह केला आहे काय? की सुरांच्या गोडव्याखाली काही प्रेते झाकली जात आहेत?

ही शंका मनात ठेवूनच मी एका ध्वनिमुद्रिकेचा विचार करणार आहे. ती २००५ साली निघाली. तिचे नाव ‘सीझफायर’, म्हणजे युद्धविराम. गाणारे दोघेही सुदानचे. एक अब्देल गादिर सलिम. उत्तरेकडचा, मुसलमान, वयाने प्रौढ, ऊद नावाचे तंतुवाद्य छेडीत आपल्या कोर्दोफान प्रांतातली गाणी अरबीतून गाणारा आणि देशोदेशी नावाजलेला. दुसरा इमॅन्युएल जाल. दक्षिणेकडचा, ख्रिस्ती, नुएर जमातीचा, जेमतेम पंचविशीतला. तालावर शब्द फेकीत बोलण्याची जी रॅप नावाची तऱ्हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी रूढ केली, ती त्याने उचललेली.

या दोघांच्या मध्ये काय पडले होते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सुदान १ जानेवारी १९५६ रोजी स्वतंत्र झाला; परंतु आदल्या वर्षीच दक्षिणेत बंडाला तोंड फुटले होते. १९७२ च्या करारानंतर अकरा वर्षे बरी गेली. १९८३ साली खार्टूमच्या सरकारने दक्षिणेची स्वायत्तता मोडली, देशभर शरियतचा कायदा पुकारला, आणि युद्ध पुन्हा पेटले ते २००५ पर्यंत धगधगत राहिले. त्यात वीस लाखांच्या आसपास माणसे मेली असा अंदाज आहे. बहुतेकांचा जीव गोळीने गेला नाही, भुकेने आणि रोगाने गेला.

जालला आपली जन्मतारीख ठाऊक नाही. युद्धात त्याची आई गेली. शाळेच्या आशेने हजारो मुलांबरोबर तो पायी इथिओपियाच्या वाटेला लागला, आणि पाटीऐवजी त्याच्या हाती बंदूक आली. अरब आणि मुसलमान यांच्याविषयी त्या वयात आपल्या मनात किती विखार भरला होता, हे त्याने पुढे आपल्या आत्मकथनात काही न लपवता लिहिले आहे. एमा मॅक्यून या इंग्रज बाईने त्याला चोरून केनियात नेले, शाळेत घातले. ही बाई रिएक माचार या दक्षिणेतल्या नुएर सेनानीची पत्नी. १९९३ साली नैरोबीत मोटारीच्या अपघातात ती गेली, आणि पोर पुन्हा पोरके झाले.

सलिमच्या अंगावरही जखमेच्या खुणा आहेत. १९८९ साली ओमर अल-बशीर सत्तेवर आल्यानंतर सुदानात गाण्यावाजवण्याला वाईट दिवस आले. प्रेमाची आणि मद्याची गाणी पाप ठरू लागली. १९९४ च्या नोव्हेंबरात ओमदुर्मानमधल्या गायक-वादकांच्या क्लबात एक धर्मवेडा सुरा घेऊन शिरला. त्याच्या हातून खोजली उस्मान हा लोकप्रिय गायक मारला गेला आणि सलिम घायाळ झाला. हा मारेकरी काही दक्षिणेकडचा बंडखोर नव्हता. ज्या बाजूचा म्हणून सलिमला आपण मोजतो, त्याच बाजूचा तो होता.

म्हणजे, ‘दोन बाजू’ असे आपण लांबून म्हणतो तेव्हा नकाशावर एक रेघ ओढतो. पण ती रेघ माणसांच्या अंगावरून फार वेडीवाकडी जाते. भाषेचेही तेच. दक्षिणेच्या मनात अरबी ही राज्यकर्त्यांची भाषा, लादलेली भाषा. तरीही जुबाच्या बाजारात निरनिराळ्या जमातींची माणसे एकमेकांशी सौदा करतात, भांडतात, सोयरिकी जुळवतात, ते आपल्या तोंडी घडवून घेतलेल्या अरबीतच. जाल नुएर, इंग्रजी, स्वाहिली यांच्या जोडीला अरबीतही गातो. ज्यांचा द्वेष करायला तो शिकला त्यांची बोली त्याच्या कानात आधीपासूनच होती.

आता माझ्या शंकेकडे परत येतो. संगीत ही मुळातच प्रेमाची भाषा आहे, सूर माणसांना जोडतातच, असे आपल्याकडेही फार ऐकायला मिळते. मला ते पटत नाही. सूर हा पाण्यासारखा असतो. ज्या पात्रात ओताल त्याचा आकार घेतो. रवांडातला सिमोन बिकिंदी हा त्या देशाचा लाडका गायक आणि रचनाकार होता. १९९४ च्या कत्तलीत त्याची गाणी नभोवाणीवरून पुनःपुन्हा वाजवली गेली. २००८ साली अरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला पंधरा वर्षांची शिक्षा दिली. ती गाण्यांसाठी दिलेली नव्हती, रस्त्याने जाताना ध्वनिक्षेपकावरून तुत्सींना संपवा असे लोकांना चिथावल्याबद्दल दिलेली होती. ज्या गळ्याला लोक भुलले होते त्याच गळ्यातून ती चिथावणी निघाली. तेव्हा सुरांच्या अंगच्या पुण्याईवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

हातात हात घालण्यावरही नाही. २२ एप्रिल १९७८ रोजी जमैकात किंग्स्टन येथे बॉब मार्लेने गाता गाता मायकेल मॅनली आणि एडवर्ड सीगा या हाडवैरी पुढाऱ्यांना रंगमंचावर बोलावले आणि दोघांचे हात आपल्या डोक्यावर एकत्र धरले. ते छायाचित्र जगभर गेले. १९८० च्या निवडणुकीत त्याच दोघांच्या अनुयायांनी एकमेकांचे शेकड्यांनी मुडदे पाडले. मार्लेच्या हेतूविषयी मला तिळमात्र संशय नाही. पण हात धरायला क्षण पुरतो, आणि हात धरताना दुसऱ्याचे काही ऐकावे लागत नाही.

मग एकत्र गाण्याला अर्थ उरतो कोणता? याचे उत्तर शोधताना मला आपल्या महाभारतातली गांधारी आठवते. गृहयुद्धाला आपण यादवी म्हणतो, तो शब्दच तिच्या शापातून आलेला आहे. स्त्रीपर्वात ती रणभूमीवर पडलेली प्रेते पाहते आणि कृष्णाला एकेक दाखवीत जाते. ती केवळ आपल्या मुलांसाठी रडत नाही. अभिमन्यूच्या देहापाशी बसलेली उत्तरा तिला दिसते, तिच्यासाठीही ती रडते. कौरवांचा संहार करणाऱ्या पक्षाचा द्रुपदही तिच्या विलापातून सुटत नाही. एवढे रडून झाल्यावर आपल्याला वाटते, आता ही म्हातारी म्हणेल की झाले गेले विसरून जाऊ. ती तसे काही म्हणत नाही. तुझ्या अंगी सामर्थ्य असून तू हा नाश होऊ दिलास, असे कृष्णाला तोंडावर सांगून ती त्याला शाप देते. छत्तीस वर्षांनी यादव एकमेकांना मारून संपतात.

गांधारी क्षमा करीत नाही. शत्रूच्या मुलासाठी रडणे आणि शत्रूवरचा आरोप कायम ठेवणे, या दोन्ही गोष्टी तिच्या एकाच छातीत राहतात. तिचा सगळा विलाप कृष्णाला उद्देशून आहे, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तो ऐकणार नाही असे तिला वाटले असते, तर तिने शापही दिला नसता. मुकाट्याने बसून राहिली असती. आणि कृष्ण ऐकतो, शाप स्वीकारतो. यादवी थोपवायला हे पुरले नाही हे खरे. पण अठरा दिवसांत एकमेकांचे सारे हिरावून घेतलेल्या दोन पक्षांत माणुसकीचा म्हणून जो एक व्यवहार झाला, तो हाच.

द्वेषाची खरी खूण शिवीत नसते, कारण शिवी देताना समोरच्याला ती झोंबेल एवढे तरी आपण मानलेले असते. माणसाचे माणूसपण पुसले जाते ते त्याला कान आहेत हे आपण विसरतो तेव्हा. त्याच्याविषयी आपण आपसांत बोलतो, त्याला उद्देशून काहीच बोलत नाही. यादवी युद्धात हे विसरणे पद्धतशीर शिकवले जाते. बंदूक हाती दिलेल्या पोराला तेच तर शिकवलेले असते.

‘सीझफायर’चे मोल मला येथे दिसते. सलिम आपल्या अरबीत, आपल्या ऊदवर, कोर्दोफानच्या चालीत गातो. जाल आपल्या तडफेने, आपल्या बोलीत बोलतो. एकाने दुसऱ्याची ढब उचललेली नाही, आणि कोणी आपले गाऱ्हाणेही मागे घेतलेले नाही. पण एकाच तालावर दोघांना चालायचे म्हटले की एकाची ओळ संपेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते, आणि थांबायचे तर ती ओळ ऐकावी लागते. आपल्याकडे तबल्याची साथ करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. त्याचा निम्मा धंदा ऐकण्याचा असतो. युद्धात आईला मुकलेला मुलगा आपले दुःख सांगतो तेव्हा ज्यांच्या नावाने ते युद्ध चालले त्यांच्यातलाच एक त्याला ठेका पुरवतो, एवढेच यात घडते. मेलेल्यांच्या वतीने कोणी काही माफ करीत नाही. ‘विराम’ हा शब्द म्हणूनच योग्य वाटतो. विराम म्हणजे समाप्ती नव्हे. पुढचे वाक्य बोलता यावे म्हणून घेतलेला श्वास.

याच वाटेने एक थोर गायक त्यांच्या आधी गेला होता. मोहम्मद वर्दी उत्तरेचा, नुबियन, साऱ्या सुदानचा आवडता. बशीरच्या राजवटीत त्याने देश सोडला आणि १९९० साली इथिओपियात इटांग येथे दक्षिणेच्या निर्वासितांपुढे तो गायला. त्याच्याच राजधानीतल्या सरकारच्या फौजांपुढून पळून आलेली ती माणसे. त्यांनी त्याचे गाणे ऐकले. कोणावर विश्वास टाकण्याचे त्यांना काही कारण उरलेले नसताना ऐकले, म्हणून मी त्या ऐकणाऱ्यांना गायकाइतकेच मोठे मानतो.

येथे एक आक्षेप राहतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उत्तर आणि दक्षिण यांना एका तबकडीवर शेजारी बसवले की दोघांचे पाप सारखेच होते असा भास होतो. ते सारखे नव्हते. राज्य, विमाने आणि कायदा एका बाजूला होता; दुसऱ्या बाजूला बहुतांशी जळालेली गावे होती. दक्षिणेच्या फौजांनीही पोरांच्या हाती बंदुका दिल्या, हेही विसरता येत नाही. हा न्याय गायकांनी करायचा नसतो. तो न्यायासनाने आणि इतिहासाने करायचा असतो. मात्र एकत्र गाण्याचे निमित्त करून जो म्हणेल की आता चौकशी कशाला, त्याने ते गाणे ऐकलेच नाही असे खुशाल समजावे.

पुढे काय झाले? ९ जानेवारी २००५ रोजी तह झाला. सहा महिने लोटले आणि दक्षिणेचा नेता जॉन गरांग हेलिकॉप्टरच्या अपघातात मेला. खार्टूममध्ये दंगली उसळल्या. २०११ च्या जानेवारीत दक्षिणेतल्या जवळजवळ ९९ टक्के मतदारांनी वेगळे होण्याचा कौल दिला आणि ९ जुलैला नवे राष्ट्र जन्मले. डिसेंबर २०१३ मध्ये त्या राष्ट्रातच डिंका जमातीचा अध्यक्ष साल्वा कीर आणि नुएर जमातीचा रिएक माचार, म्हणजे जालला वाचवणाऱ्या बाईचा नवरा, यांच्या फौजा एकमेकांवर तुटून पडल्या. उत्तरेत १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि त्यानेच पोसलेले निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले आणि खार्टूम-ओमदुर्मानचे रस्ते रणभूमी झाले. गाण्याने काही थांबवले नाही.

तरीही ते वाया गेले असे मला म्हणवत नाही. औषधाने रोगी बरा झाला नाही तर औषध वाया गेले असे आपण म्हणतो. पण रात्रभर रोग्याच्या उशाशी बसलेला माणूस वाया गेला असे कोणी म्हणत नाही, कारण त्याच्याकडून आपण रोग हटवण्याची अपेक्षा केलेली नसते. दुसऱ्याची ओळ संपेपर्यंत थांबणे ही त्या जातीची गोष्ट आहे. ती युद्ध संपवीत नाही. युद्ध चालू असतानाही माणसाला करता येईल असे ते एक काम आहे, आणि ते ज्याला जमले त्याचा पराभव झाला असे म्हणता येत नाही.

सुदान फार दूर आहे. पण ज्याच्याविषयी आपण आपसांत पुष्कळ बोलतो आणि ज्याला उद्देशून कधीच बोलत नाही, असा कोणी ना कोणी प्रत्येक गावात असतो. त्याला क्षमा करा, असे मी सांगणार नाही. ते सांगण्याचा अधिकार मला नाही. आपली तक्रार त्याच्या पाठीमागे न बोलता त्याला ऐकू जाईल अशी बोलावी, आणि तो बोलू लागला की त्याची ओळ पुरी होऊ द्यावी, इतके मात्र म्हणावेसे वाटते.