वकीलपत्र नाकारणारा ठराव

बदलापूरच्या शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण ऑगस्ट २०२४मध्ये उघडकीस आले, तक्रार नोंदवून घेण्यात पोलिसांनी केलेल्या दिरंगाईमुळे २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि लोकल कित्येक तास बंद पडल्या. त्याच दिवसांत कल्याणच्या वकील संघटनेने आरोपीचे वकीलपत्र आपला एकही सभासद घेणार नाही, अशी भूमिका घेतली. तिचे समर्थक दोन गोष्टी सांगतात. वकीलही समाजाचेच घटक असल्याने समाजाचा संताप संघटनेने बोलून दाखवणे स्वाभाविक आहे, ही पहिली. आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे सरकारी खर्चाने, आरोपीला वकील मिळतच असल्याने असा ठराव निव्वळ प्रतीकात्मक असतो, ही दुसरी. पहिल्या विधानात निदान प्रामाणिक भावना आहे. दुसरे अधिक सभ्य दिसते आणि म्हणूनच अधिक घातक आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा अधिकार राज्यघटनेचा अनुच्छेद २२(१) देतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम वकिलाला एखादे प्रकरण विशेष परिस्थितीत नाकारण्याची मुभा देतात, पण ती मुभा त्या वकिलाची, त्याच्या संघटनेची नव्हे. असे सामूहिक ठराव रद्दबातल असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१०मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात स्पष्ट केले. तो वाद कोइमतूरचा होता आणि तेथील वकिलांनी ज्यांच्यावर बहिष्कार घातला ते आरोपी खुद्द पोलीस होते. वकिलांना पोलिसांनी मारहाण केल्याच्या आरोपातून उद्भवलेला, म्हणजे मानवी हक्कांच्या बाजूचा भासणारा ठरावही न्यायालयाला मान्य झाला नाही, हे संतापाचा दाखला देणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

आता त्या प्रतीकात्मकतेकडे वळता येईल. सनद देणारी आणि शिस्तभंगाची कारवाई करणारी बार कौन्सिल ही १९६१च्या कायद्याने निर्माण झालेली संस्था, तर प्रत्येक न्यायालयातील वकील संघटना ही सभासदांनी स्वेच्छेने चालवलेली. त्यामुळे तिच्या ठरावाला कायद्याचे बळ नसते, असे सांगितले जाते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे. परंतु तालुक्याच्या न्यायालयात बाररूमचे बळ कायद्याहून मोठे असते. तेथे नवख्या वकिलाचे बसण्याचे टेबल, ज्येष्ठांकडून येणारे काम, पुढच्या तारखेला समोरच्या वकिलाने हरकत न घेणे हे सारे परस्परांच्या मर्जीवर चालते, आणि ती मर्जी गमावून कोणी वकीलपत्र दाखल करावे, अशी अपेक्षा प्रतीकवादीही करणार नाहीत. उरतो तो सरकारी खर्चाचा वकील. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मुंबईतही वकिलांनी अजमल कसाबचा बचाव न करण्याचा ठराव केला होता, आणि २००९मध्ये न्यायालयाने नेमलेल्या अंजली वाघमारे यांच्या घरावर जमाव चालून गेला. ज्याला पर्याय म्हणून दाखवले जाते, त्या एकट्या वकिलाला हा बहिष्कार अधिकच उघड्यावर पाडतो. शिवाय पर्याय आहे म्हणून कर्तव्य टळते, हे तर्कशास्त्र वकिलांना त्यांच्या अशिलांनी ऐकवले असते, तर ते कितपत रुचले असते, हाही प्रश्नच आहे.

बदलापूर प्रकरणात खटला पूर्णत्वाला गेलाच नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी तळोजा कारागृहातून नेले जात असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या वाहनात आरोपी गोळीबारात मरण पावला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना त्याच्या मृत्यूस जबाबदार धरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे व न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने एप्रिल २०२५मध्ये गुन्हा नोंदवून तपास करण्याचा आदेश दिला. ठरावामुळे गोळी झाडली गेली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि खटल्याची गरजच नाही ही समजूत ठराव आणि गोळी या दोन्हींमागे समान आहे. न्यायालयापर्यंत हा मृत्यू पोचला तो आरोपीच्या पालकांचे वकीलपत्र कोणीतरी घेतले म्हणून.

येथे सासवडचे वि. म. तारकुंडे आठवणे अपरिहार्य आहे, आणि त्यांच्यासाठी थोडी अधिक जागा घेण्यात संकोच नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद १९६९मध्ये सोडणाऱ्या, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मूलगामी मानवतावादात वाढलेल्या या माणसाला नक्षलवाद्यांचे राजकारण मान्य असणे शक्यच नव्हते. तरीही आणीबाणीनंतर, १९७७मध्ये, आंध्र प्रदेशात पोलीस चकमकींत मारल्या गेलेल्या नक्षलवाद्यांच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या नागरी समितीचे ते अध्यक्ष झाले. मारला गेलेला माणूस कोण होता आणि तो कसा मारला गेला, हे दोन प्रश्न त्यांनी एकमेकांत मिसळू दिले नाहीत. पण तारकुंडे यांचे उदाहरण या लेखाच्या विरोधातही जाते. त्यांनी उभ्या केलेल्या वा घडवलेल्या नागरी स्वातंत्र्याच्या संघटना बाररूमच्या बाहेरच्या होत्या; मग वकील संघटनेकडून अशी अपेक्षाच का करावी, तिने आपले सभासद, त्यांच्या बसण्याच्या जागा आणि कल्याण निधी एवढेच पाहावे, असे कोणी म्हणेल, तर त्याला तत्काळ खोडून काढता येत नाही.

त्याचे उत्तर १९७५च्या नथवानी प्रकरणात सापडते. आणीबाणीत मुंबईच्या वकिलांना नागरी स्वातंत्र्यावर खासगी सभा घ्यायची होती, पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली, आणि तो आदेश उच्च न्यायालयाने रद्द केला. तेव्हा वकील मोठ्या संख्येने एकत्र आले, आणि त्या संख्येमुळे एकालाच वेचून काढणे सरकारला अवघड गेले. संघटनेचा खरा उपयोग हाच आहे: आरोपीविषयी तिला मत असण्याची गरज नाही, नावडते वकीलपत्र घेणारा सभासद एकटा पडू नये, याची आहे. तारकुंडे एकटे पुरेसे होते. बहुतेक वकील तारकुंडे नसतात.

आणि कल्याणच्या वकिलांना मुलींच्या बाजूने उभे राहायचे होते, तर पोक्सो कायद्याचे कलम ४० त्यासाठीच आहे. बालकाच्या कुटुंबाला आपल्या पसंतीचा वकील नेमण्याचा अधिकार हे कलम देते, आणि ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने तो पुरवायचा असतो. अशा कुटुंबांसाठी विनाशुल्क वकिलांची यादी जाहीर करणे आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवताना त्यांच्यापैकी एकाने सोबत जाणे, एवढा ठराव बदलापूरपासून ठाण्यापर्यंतच्या कोणत्याही संघटनेला करता येण्याजोगा होता. ज्या दिरंगाईमुळे लोक रुळांवर उतरले, तिच्यावरही त्याचा काही परिणाम झाला असता.