अवाटेची टेकडी

रुळलेल्या वाटेने चालणे सोपे. वारीत पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवली की मैलच्या मैल सरतात. पण जिथे वाटच नाही, पाय टाकावा तिथे चिखल, आणि सोबतीला कोणी नाही, अशा जागी शहाण्या माणसाने जावे काय? प्रश्न साधा दिसतो. पण त्यात धर्माधर्माचा विचार आहे.

पूर्वपक्ष असा. शास्त्रकार पंकप्रक्षालनन्याय सांगतात : चिखल लावून घेऊन मग धूत बसण्यापेक्षा त्याला न शिवणे बरे. शिवाय साठीनंतर एकट्याने डोंगर चढणे म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. पाय मुरगळला तर हाक ऐकणार कोण? हा पक्ष खोटा नव्हे.

आता उत्तर ऐका. सगळाच चिखल टाळता येत नाही, महाराज! घरात मृत्यू होतो, कर्ज उरावर बसते, सख्खा भाऊ बोलेनासा होतो. तिथे दिंडी बरोबर येत नाही. ते पाऊल ज्याचे त्यालाच टाकावे लागते. म्हणून अवाटेने चालण्याची थोडी सवय असावी.

साताऱ्याच्या पश्चिमेस कासच्या बाजूला जांभ्या दगडाचे सडे आहेत. वर मातीचा थर पातळ, खाली कातळ. पावसाचे पाणी सहजी मुरत नाही, म्हणून माथा पाणथळ होतो. भाद्रपदात तिकडच्या एका लहानशा टेकडीवर आम्ही एकटेच चढलो. गुरांच्या वाटा होत्या, पण दहा पावलांवर गवतात विरत. तिथे काठीने जागा चाचपावी, पाय ठेवावा, अर्धा भार टाकावा, मग सगळा. वेदान्तात स्थूणानिखननन्याय म्हणतात तो हाच : खांब हलवून पाहावा नि पुन्हा ठोकावा, म्हणजे पक्का होतो. पोथीत वाचलेला न्याय तिथे पायांना कळला.

दुसरे असे. म्हशीचा खूर जिथे खोल रुतला होता, तो ठसाच सांगत होता, 'इकडे येऊ नको.' म्हणजे फसलेल्याचे पाऊलही मागच्याला उपकारक. मग संसारात ज्याचा पाय घसरला त्याला आपण कोणत्या तोंडाने हसावे? त्याच्यामुळेच आपण वाचलो असू.

तिसरे, त्या ओलीत दवबिंदू नावाचे चिमुकले रोप उगवते. मातीत कस नाही, म्हणून पानांवरच्या चिकट थेंबांनी ते किडे धरते. थेंब चमकतो, किडा भुलून बसतो आणि तिथेच अडकतो. चकाकी हीच वाट मानणाऱ्याची गत ती.

मग एकट्याने जावे की नाही? निवृत्तिनाथांची कथा आठवा. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, पांगापांग झाली, आणि वाट चुकलेले निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत पोचले. चुकलेली वाट गुरूपर्यंत गेली. पण ते गुहेतच राहिले नाहीत. परत आले, मिळाले ते धाकट्या ज्ञानदेवांना दिले; म्हणून शके १२१२ ची ज्ञानेश्वरी आज आपल्या हाती आहे.

आमचा निर्णय एवढाच. एकट्याने जावे, पण घरी सांगून जावे. कारण आपल्या पायांवर आपल्या माणसांचाही हक्क आहे. आणि एकांताची परीक्षा माथ्यावर होत नाही, खाली उतरल्यावर होते. कुठे घट्ट, कुठे रुतते, हे मागून येणाऱ्याला आपण सांगतो काय? जो नुसते 'मी चढलो' एवढेच घेऊन येतो, त्याने चिखल तेवढा घरात आणला.