आयपेटसची वाट पाहताना

2007 सालचा पोळा 11 सप्टेंबरला होता. ही तारीख माझ्या लक्षात राहिली ती बैलांमुळे नव्हे. आदल्या दिवशी, म्हणजे खांदेमळणीला, कॅसिनी नावाचं यान शनीच्या आयपेटस या चंद्रापासून अवघ्या 1,640 किलोमीटरवरून जाणार होतं. घरी आबा बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होते आणि मी तालुक्याच्या सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये मोजून, एका रिकाम्या पानाकडे बघत बसलो होतो.

पान रिकामंच राहणार हे मला माहीत होतं. यान आधी चंद्राकडे तोंड करून चित्रं साठवून घेतं, मग अँटेना पृथ्वीकडे वळवतं, आणि शनीकडून निघालेला संदेश इथं पोचायला जवळपास दीड तास लागतो. पुढं अमेरिकेतल्या पॅसाडेनाची मंडळी ती चित्रं जशी आली तशी सगळ्या जगासाठी उघडी करत. त्यांनी ती झाकून ठेवली नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्यामुळं माझ्यासारखा हायस्कूलचा मास्तरही त्यांच्या पाठोपाठ तो चंद्र बघू शकत होता. पण त्या रात्री काही येणार नव्हतं. तरी बसलो. जत्रेच्या आदल्या रात्रीच देवळापाशी पथारी टाकणारी माणसं असतात, त्यातला प्रकार.

या चंद्राचं वेड लागावं असं त्यात काय होतं, ते सांगतो. 1671 मध्ये पॅरिसला जिओव्हानी कॅसिनी या ज्योतिषाला तो सापडला. (यानाला नाव त्याचंच.) सापडला आणि हरवला. शनीच्या पश्चिमेला असला की दिसायचा, पूर्वेला गेला की नाहीसा. आयपेटसला शनीभोवती एक फेरी घालायला 79 दिवस लागतात, म्हणजे ही लपाछपी ठरलेल्या वेळेनं चाले. आपल्या दुर्बिणीत खोट आहे की डोळ्यात, असं कुणालाही वाटलं असतं. कॅसिनीनं दोष त्या चंद्राकडेच दिला, आणि तोही नेमका: याची एक बाजू उजळ आहे, दुसरी काळी आहे, आणि हा सदैव शनीकडेच तोंड करून फिरतो, म्हणून एका वेळी आपल्याला एकच बाजू दिसते. पूर्वेकडचा, अंधुक आयपेटस त्याला प्रत्यक्ष दिसला तो 1705 मध्ये, चांगली दुर्बीण आल्यावर. चौतीस वर्षं. आणि 1711 मध्ये त्याची दृष्टी गेली.

यान तिथं पोचल्यावर गोष्ट आणखी विचित्र झाली. 2004 च्या शेवटच्या दिवशी काढलेल्या चित्रांत या चंद्राच्या ऐन कंबरेवरून गेलेला एक डोंगराचा वरंबा दिसला. 1,300 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 20 किलोमीटर उंच. डझनभर कळसूबाया एकीवर एक रचा, मग ती उंची. अख्खा चंद्र अक्रोडासारखा, मधोमध शिवण घातलेला. ते चित्र लांबून काढलेलं होतं. आता यान जवळून जाणार, म्हणून जगभरातले आमच्यासारखे रिकामटेकडे जागे होते. कुणाचं म्हणणं, याच्याभोवती पूर्वी कडं असावं, ते कोसळून वरंबा झाला. कुणाचं म्हणणं, हा पूर्वी भराभर फिरायचा, तेव्हाचा पोटाचा फुगवटा तसाच गोठला. काही तर म्हणत, हे कुणीतरी बांधलंय. आर्थर क्लार्कनं 1968 च्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’ या कादंबरीत परक्या जिवांची शिळा याच चंद्रावर उभी केली होती, त्याचाही तो परिणाम असेल. वरंब्याचा वाद अजून मिटलेला नाही.

“तिथं काय हाय आपलं?” आबांनी विचारलं होतं. आई म्हणाली होती, “शनीच्या पोराबाळांत कशाला नाक खुपसतो रं? नसती साडेसाती.” आईला मी हसून उत्तर दिलं. आबांना मात्र मनातल्या मनात मोठं भाषण ठोकलं. तुम्ही पावसाची वाट बघता ती गरजेपोटी. आभाळात ढग नसले तरी तुम्हाला दिसतात, कारण तुमचं पीक त्यावर आहे. माझ्या वाट बघण्यात काही मागणं नाही. आयपेटस कसाही निघो, माझं काही बिघडत नाही. म्हणून माझी नजर स्वच्छ आहे.

किती खोटं होतं हे! मला तो चंद्र विचित्रच निघायला हवा होता. त्याचं कोडं कुणी सोडवू नये आणि ते न सुटताना आपण हजर असावं, ही माझी गरज होती, आणि ती पावसाच्या गरजेपेक्षा कमी हावरी नव्हती. आबांना निदान आपल्याला काय हवंय ते माहीत तरी होतं.

पोळ्याच्या दिवशी मिरवणूक आटोपून मी पुन्हा तालुक्याला गेलो. भारनियमनाचे तास संपल्यावर कॅफे उघडला. एक-दोन दिवसांत बातमी कळली की चित्रं पाठवत असतानाच अवकाशातून आलेला एक कण यानावर आदळला, विजेचा एक स्विच पडला आणि यान ‘सेफ मोड’ला गेलं. घरचा माणूस दवाखान्यात नेल्यासारखा मी हवालदिल झालो. पण साठवलेलं सगळं शाबूत होतं आणि ते खाली उतरलं. काळ्या भागात लहान लहान खड्डे पांढरेशुभ्र दिसत होते, म्हणजे काळा थर फार तर फूट-दोन फुटांचा, खाली बर्फच. दोन वर्षांनी त्या काळेपणाचं मूळही बरंचसं कळलं. फीबी नावाच्या दूरच्या चंद्राची धूळ उलट दिशेनं येते आणि आयपेटसच्या पुढच्या अंगावर बसते. संध्याकाळी मोटारसायकलवर येताना चिलटं छातीवरच बसतात, पाठीवर नाही, तसं. मग काळं अंग जास्त तापतं, त्यावरचं बर्फ उडून पांढऱ्या बाजूला जाऊन बसतं. काळं आणखी काळं होतं, पांढरं आणखी पांढरं.

काळी आणि पांढरी जमीन जिथं भेटते, त्या चित्राची पाच रुपयांची प्रिंट काढून मी घरी आणली. आबा ओसरीवर होते. त्यांनी कागद हातात घेतला, मान एकीकडे वळवली, कोंबडी दाणा बघते तशी, मग कागद थोडा सरकवला, पुन्हा मान वळवली.

“गुरुजी,” मला ते चेष्टेनं असंच म्हणत, “ही काळी बाजू कागदाची हाय, का माझ्या डोळ्याची?”

मी कागद बाजूला ठेवला. उजव्या डोळ्यासमोर बोटं धरली. त्यांना ती दिसत नव्हती. किती दिवसांपासून, तर “झालं असंल वरीस.” वर्षभर आबा चौकटीला खांदा घासत होते आणि मी समजत होतो, वय झालं. चहाचा कप टेकवताना आधी हातानं जागा चाचपत होते. खांदेमळणी करायला मला का थांबवत होते, ते तेव्हा उमजलं. त्या संध्याकाळी त्यांनी बैलांचे खांदे हातानंच बघितले होते. मला सांगितलं नाही, कारण सोयाबीन निघेपर्यंत खर्च नको होता, आणि कारण मी विचारलं नव्हतं.

याचा निवाडा मी बरेच दिवस करत होतो. लांबचं बघणारा जवळचं बघत नाही, असं म्हणून मोकळं होता येतं. पण गावात आयपेटसचं नावही न ऐकलेल्या कितीतरी पोरांच्या बापांचे मोतीबिंदू पिकून गेलेत. उलटही म्हणता येतं, की तो कागद आणला नसता तर डोळा कळला नसता. तेही वकिली. कागद मी त्यांच्यासाठी आणलाच नव्हता, माझं खरं ठरवायला आणला होता. माझ्या हौसेला तासाला वीस रुपये पडतात एवढाच हिशोब मी धरला होता. खांदेमळणीच्या संध्याकाळी ती चाचपडणारी बोटंही त्याच खात्यावर मांडायला हवी होती. तरीही, पुन्हा तसं यान जाणार असेल तर मी बसेन का? बसेन. विचारून बसेन.

डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. हिरवी पट्टी निघाली, काळा चष्मा आला, तोही निघाला. एका दुपारी आबांनी कपाटातून ती प्रिंट स्वतःच काढली, उजेडात नेली, डावा डोळा तळहातानं झाकला आणि बराच वेळ बघत राहिले.

“काळीच हाय रं,” ते म्हणाले.