बणीआळी

पानिपत जिल्ह्यात यमुनेच्या अंगाला रोड समाजाचं एक गाव आहे, तिथली ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. अशी गावं पानिपतपासून कर्नाल, कैथल, कुरुक्षेत्रापर्यंत पसरलेली आहेत आणि त्यांतल्या कुठल्याही गावात हे घडू शकलं असतं.

एका जानेवारीत साताऱ्याकडचा एक तरुण संशोधक तिथे पोहोचला. १४ जानेवारी १७६१ चा, पानिपतच्या लढाईचा दिवस त्याला तोंडपाठ होता. भाऊसाहेब, विश्वासराव, अब्दाली, उपासमारीने खंगलेलं लष्कर, दुपारनंतर फिरलेली लढाई. काला अंबच्या स्मारकासमोर डोकं टेकवूनच तो गावात आला होता. लढाईतून वाचलेले पण घरी परतू न शकलेले काही मराठे इथल्या ढाकाच्या, म्हणजे पळसाच्या जंगलात लपले, कुणी विचारलं तर आपण रोड राजाची माणसं असं सांगून जीव वाचवला आणि पुढे इथलेच झाले, असं या समाजात सांगतात. कोल्हापूरचे इतिहासकार डॉ. वसंतराव मोरे यांनी या कथेचा पाठपुरावा करून रोड म्हणजे पानिपतावर मागे राहिलेले मराठे, अशी मांडणी केली. पुढे २०२१ मध्ये नीरज चोप्राने टोकियोत सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा पानिपत जिल्ह्यातल्या त्याच्या खंडरा गावाशी नातं सांगायला आपल्याकडे अनेकांचे हात पुढे आले. या तरुणालाही ते नातं पक्कं करायचं होतं. त्याने बरोबर मराठी शब्दांची एक यादी आणली होती.

चौपालीवर खाटा टाकलेल्या, मधे हुक्का. गावातल्या वडीलधाऱ्या ताऊंना बाहेरच्या माणसांशी बोलायची सवय झालेली होती. कॅमेरेवाले येऊन गेले होते, पुढारी येऊन गेले होते. त्यांनी जंगल, रोड राजा, लपलेले सैनिक हे सगळं न अडखळता सांगितलं. मग तरुणाने यादी काढली. हा शब्द तुमच्या घरात आहे का? "हां जी, है." आणि हा? "यो भी सै." एकेका शब्दापुढे बरोबरची खूण पडत गेली. संध्याकाळपर्यंत गावाने त्याला मास्टरजी करून टाकलं होतं आणि त्याच्या मनात लेखाचा मथळाही तयार झाला होता.

ज्या घरी तो उतरला होता तिथे बारावीत शिकणारी एक नात होती. पाणी आणून देताना ती म्हणाली, "सरजी, त्यातले अर्धे शब्द आमच्या घरात कुणी बोलत नाही. पण ताऊ पाहुण्याला नाही कसं म्हणणार?"

त्याने ते हसण्यावारी नेलं.

रात्री तो अंगणात दादीपाशी बसला. कोपऱ्यातल्या हाऱ्यात, म्हणजे चुलीत, गोवऱ्यांच्या धगीवर दूध तापत होतं. दिवसभर मंद आचेवर राहून त्याला विटकरी रंग आला होता आणि वर जाड साय धरली होती. दादीचं वय नव्वदीच्या आसपास. त्याने विचारलं, लढाईबद्दल तुमच्या घराण्यात काय सांगतात? ती म्हणाली, लढाईचं पुरुषांना विचार. तो गप्प राहिला तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तन्नै के सुणना सै?" तुला काय ऐकायचंय?

त्याने सांगितलं, तुम्हाला जे आठवतं ते.

मग दादी बोलू लागली ती संक्रांतीबद्दल. आपल्याला पानिपत म्हटलं की संक्रांत कोसळते. तिच्या लेखी संक्रांत म्हणजे सुनांनी रुसलेल्या सासऱ्याला, जेठाला शाल पांघरून मनवायचा दिवस, आणि माहेराहून भाऊ सामान घेऊन यायचा दिवस. तिथून ती सत्तेचाळीस सालावर गेली. तेव्हा ती दहा वर्षांची असेल. तिच्या माहेरगावातली मुसलमान विणकरांची घरं एका आठवड्यात रिकामी झाली. एका मागावर अर्धा विणलेला खेस तसाच राहिला होता आणि तिच्या आईने कित्येक दिवस कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. मग पश्चिम पंजाबातून आलेली माणसं त्या घरांत राहायला आली. त्यांतल्या एका बाईने तो माग पाहिला आणि ती रडत बसली. ती स्वतःचं घर तसंच सोडून आली होती.

मास्टरजींनी घड्याळ पाहिलं. बोलणं विषय सोडून चाललं होतं. त्यांनी रेकॉर्डर बंद केला, नम्रपणे मान हलवत राहिले आणि थोड्या वेळाने झोपायला गेले. नातीचा मोबाइल मात्र चुलीशेजारी चालूच होता. दादी संक्रांतीकडे परतली ती त्यानंतर.

तिने सांगितलं, आपल्या घरात एक बाई होती, माझ्या सासूच्या सासूच्याही मागे केव्हातरी. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावाने ओळखतात. जिचं जे गाव, ती त्या गावआळी. या बाईला गावच नव्हतं. तिला बणीआळी म्हणायचे, गावाबाहेरच्या राईतून आलेली. बोलायची फार कमी. संक्रांतीला सगळ्यांचे भाऊ यायचे, तिचा कुणी यायचा नाही. मग तिच्या सासूने आपल्या वाट्यातून एक वाटा तिच्यासाठी बाजूला काढला. तेव्हापासून या घरात संक्रांतीला एक वाटा बाजूला निघतो. कुठून आली होती ती? "कोई कहै लड़ाई की थी, कोई कहै चालीसे की." कुणी म्हणतं लढाईतली, कुणी म्हणतं चालिसाच्या दुष्काळातली. चालिसा म्हणजे संवत १८४०, आपल्या हिशेबाने १७८३-८४. दिल्ली ते पंजाब या पट्ट्यात त्या दुष्काळाने गावंच्या गावं ओस पाडली.

लेख छापून आला, कौतुक झालं. पुण्याला त्याच्या मार्गदर्शक बाईंनी मूळ ध्वनिमुद्रण मागवलं आणि ऐकून त्याला बोलावलं. त्यांनी विचारलं, इतक्या शब्दांना एकही 'नाही' आला नाही, याचं तुला नवल वाटलं नाही? मग त्यांनी त्याला अमेरिकेतली एक हकिगत सांगितली. तिथल्या सरकारने १९३६ ते १९३८ या काळात, गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांवर कृष्णवर्णीय वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. १९३७ मध्ये चार्ल्स्टन शहरातल्या सुझन हॅमलिन या वृद्धेकडे एक गोरी बाई गेली, तेव्हा सुझनने आपला मालक किती भला होता ते सांगितलं. नंतर एक कृष्णवर्णीय माणूस गेला. त्याला तिने फटके सांगितले, आईपासून तोडून विकलेली मुलं सांगितली. बाई तीच, शहर तेच, साल तेच. समोर कोण बसलंय आणि त्याला काय ऐकायचंय, हे तिने ओळखलं होतं. बाईंनी त्याला आपल्या इतिहासातल्या भाऊसाहेबांच्या तोतयाचीही आठवण करून दिली. भाऊ जिवंत असावेत असं ज्यांना फार वाटत होतं त्यांनी त्याला भाऊ म्हणून स्वीकारलं आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पुणे दरबाराला त्याचा ताप झाला.

त्या रात्री त्याने पानिपतला फोन लावला. दादी मागच्याच थंडीत गेली होती. नात म्हणाली, आवाज आहे माझ्याकडे, कित्येक रात्रींचा आहे. तुम्ही गेल्यावर ती रोज बोलायची.

तो पुन्हा गावात गेला आणि अंगणात बसून सगळं ऐकलं. बणीआळीपाशी आल्यावर तो उठून उभा राहिला. पानिपतावर मागे राहिलेली मराठी स्त्री! बाजारबुणगे, बायाबापड्या, यात्रेकरू असे हजारो लोक लष्करासोबत होते, लढाईनंतर कित्येक स्त्रिया धरून नेल्या गेल्या, हे तर इतिहासालाही ठाऊक आहे. त्यांतल्या एकीचा माग इतक्या वर्षांनी सापडत होता. तो म्हणाला, हे मला दे.

मुलीने फोन हातातच ठेवला. "दादीने दोनदा 'कोई कहै' म्हटलंय. तुम्ही दुसरं 'कोई कहै' काढून टाकणार असाल, तर नाही देणार."

त्याने पुष्कळ समजावलं. ती ऐकेना. शेवटी तिने सांगितलं की रोड समाजाबद्दल तिनेही वाचलंय. कुणी त्यांना सिंधमधल्या जुन्या राज्याशी जोडतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात हा समाज वायव्य भारतातल्या फार जुन्या वंशधाग्यांशी जुळलेला दिसला. "उद्या तसं मानणाऱ्यांतला कुणी येईल आणि पहिलं 'कोई कहै' काढून टाकेल. मग आमच्या बणीआळीचं काय राहिलं?"

याचं उत्तर त्याच्यापाशी कुठल्या पुस्तकात नव्हतं. तो बराच वेळ बसून राहिला आणि मग त्याने तिच्यासमोरच नोंद लिहिली: दादीच्या बोलीत, तिच्या क्रमाने, खेस आणि माग धरून, दोन्ही 'कोई कहै' जागच्या जागी ठेवून. सांगणारी कोण, विचारणारा कोण, रेकॉर्डर कधी बंद केला हेही लिहिलं. आधीच्या लेखातली शब्दांची यादी त्याने जाहीरपणे मागे घेतली. मुलगी आता शेजारच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायांकडे जाऊन बसते. तिच्याकडे सत्तेचाळीस सालचं जे जमलंय, ते लढाईपेक्षा कितीतरी जास्त आहे. माझ्या मते त्याचं मोलही कमी नाही, कारण ते डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

१४ जानेवारीला पानिपतला जाणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती आहे. स्मारकावर फुलं वाहून लगेच परतू नका. कुणी घरी बोलावलं तर जा, चौपालीवर बसा, पण आतल्या अंगणातही बसा आणि समोरची आजी ज्या विषयावर जाईल तिकडे तिला जाऊ द्या. ती काय बोलली ते नोंदवणार असाल तर तिला विचारून नोंदवा, आणि त्याची एक प्रत त्याच घरात ठेवून या.