खडूची रेघ

इचलकरंजीत पाळी बदलते तेव्हा माणसं घरी जातात, माग चालूच राहतात. त्या खडखडाटात एखादा माग मध्येच गप्प झाला, तर जॉबरच्या कानाला ते लगेच कळतं. या गोष्टीतला तरुण असाच जॉबर होता. बंद पडलेल्या मागापाशी जायचं, काय अडलंय ते शोधायचं आणि माग पुन्हा चालू करून द्यायचा, हे त्याचं काम. तालमीतही सगळे त्याला जॉबर म्हणूनच हाक मारत.

तालीम जुनी. पुढं तांबड्या मातीचा हौदा, मागच्या खोलीत लोखंड. जॉबरचा जीव त्या मागच्या खोलीत, आणि तिथंही बेंच प्रेसवर. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट आणि डेडलिफ्ट यांच्या मधला हा प्रकार. बेंचवर पाठ टेकून झोपायचं, बार छातीपर्यंत आणायचा आणि कोपर सरळ होईपर्यंत वर न्यायचा. तो हे ‘रॉ’ करायचा, म्हणजे अंगात जाड कापडाचा घट्ट बेंच शर्ट न घालता. ७४ किलोच्या गटात त्याचे १०७.५ किलो झाले होते, आणि आठ महिने त्यापुढं गाडी सरकली नव्हती.

त्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत त्यानं पहिल्या प्रयत्नात १०५ किलो नेले. दुसऱ्याला ११० मागितले. बार छातीवर आला, स्थिर झाला, पंचांनी ‘प्रेस’ म्हटलं. बार चार बोटं वर गेला आणि थांबला. जॉबरचे पाय थरथरले, मान ताठली, पण बार तसूभर हलला नाही. तिसऱ्या प्रयत्नातही तेच झालं, त्याच उंचीवर.

“तालमीत तर मी ११२.५ मारतो,” परतताना तो बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हणत होता. ते खरंही होतं. पण तालमीत त्याचा बार छातीला लागून उसळायचा. स्पर्धेत तो छातीवर निश्चल झाल्याशिवाय पंच हुकूम देत नाहीत, आणि थांबलं की उसळी मरते.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं मदत शोधायला सुरुवात केली. नुसतं बेंच करून बेंच वाढत नाही, सोबत पूरक व्यायाम लागतात, हे त्याला ठाऊक होतं. तालमीत सर्वांत जास्त वजन दादा उचलायचा. दादाचे दंड पाहून नवी पोरं गप्प व्हायची. दादानं सुताराकडून फळ्या कापून घेतल्या होत्या. त्यातल्या तीन एकावर एक ठोकून, छातीवर ठेवून, बार फक्त त्या फळ्यांपर्यंत खाली आणायचा आणि वर ढकलायचा. याला बोर्ड प्रेस म्हणतात. जॉबरनं फळ्या धरल्या.

मग कुणी सांगितलं, खांदे कच्चे आहेत. त्यानं उभं राहून डोक्यावर बार नेणं सुरू केलं. कुणी म्हणालं, डिप्सशिवाय छाती येत नाही. डिप्स आले. जमिनीवर झोपून करायचा फ्लोअर प्रेस आला, तिरक्या बाकावरचा इन्क्लाइन आला, ट्रायसेप्ससाठी तीन तऱ्हा आल्या. त्यानं वेळापत्रक लिहून भिंतीला चिकटवलं. आठवड्यातून चार दिवस ढकलण्याचेच व्यायाम. रात्री कोपराला बाम चोळून झोपायचं आणि सकाळी पुन्हा मागावर.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी त्यानं तीन फळ्यांवर १३० किलो ढकलले. खोलीत टाळ्या पडल्या. दादानं पाठ थोपटली. त्याच आठवड्यात त्यानं फळ्या बाजूला ठेवून ११० लावले, एका पोराला ‘प्रेस’ म्हणायला सांगितलं आणि बार छातीवर थांबवला. बार चार बोटं वर गेला आणि अडला.

दाराजवळच्या स्टुलावर अण्णा बसले होते. तालमीचे वस्ताद. तरुणपणी मातीत, मग लोखंडात, मग बरीच वर्षं पंचाच्या खुर्चीत. बोलणं मोजकं. ते उठले, खिशातून खडू काढला आणि बेंचच्या खांबावर, बार जिथं अडला होता तिथं, एक आडवी रेघ मारली.

“पुसू नको,” एवढंच म्हणाले आणि गेले.

पुढच्या दोन आठवड्यांत जॉबर जेव्हा जेव्हा जड वजन घेई, तेव्हा अण्णा बाजूला उभे राहायचे. बार जिथं मंदावेल किंवा थांबेल तिथं रेघ. पाच वेळा रेघ मारली, आणि पाचही रेघा एकमेकींवर बसून एकच जाड पांढरा पट्टा झाला.

“जॉबर, माग बंद पडला तर तू पयलं काय करतोस?”

“धागा कुठं तुटलाय ते बघतो, अण्णा. उभा तुटलाय का आडवा, कांडी संपलीय का धोटा अडकलाय, ते बघायचं आधी.”

“आणि शेजारच्या मागाचा धोटा अडकला व्हता, म्हणून ह्या मागाचाबी धोटाच काढून ठोकत बसतोस व्हय?”

जॉबर हसला. “तसं केलं तर मालक हाकलून देईल की.”

“मग स्वतःच्या अंगाशी असं का वागतोस लेका?”

जॉबरचं हसू विरलं. अण्णांनी कोपऱ्यातल्या फळ्या उचलून त्याच्या छातीशी धरल्या. फळ्यांचा वरचा काठ खडूच्या पट्ट्याच्या कितीतरी वर आला.

“बघ. तू अडतोस हितं खाली. आणि चार महिने काम करतोयस ते ह्या फळीच्या वर. जिथं तू पडतोस तिथं तू गेलाच न्हाईस.”

“पण दादाला तर ह्याच फळ्यांनी...”

“दादाला बरोबर हाय,” अण्णा म्हणाले. “दादा शर्ट घालून उचलतो. तो शर्ट अंगात चढवायला दोन माणसं लागतात, हे तू बघितलंयस. बार खाली येतो तसा कापड ताणतं, आणि छातीपासून वर जाताना तेच रेटा देतं. शर्टाविना माणूस किती नेऊ शकतो? अमेरिकेच्या ज्युलियस मॅडॉक्सनं २०२१ मधे ३५५ किलो. शर्टवाले ५०० च्या पुढं गेलेत. एवढी ताकद त्या कापडात हाय. खालची वाट दादाला शर्ट पार करून देतो. वर कापड सैल पडतं, तिथं दादा एकटा असतो. म्हणून त्याला फळ्या. तुझ्या अंगात तर शर्टच न्हाई. तुला खाली कोण ढकलणार?”

जॉबरला उत्तर सुचलं नाही. दादाही ऐकत होता. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “अण्णा, मला जे लागू पडलं ते मी सांगितलं.”

“तुझी चूक न्हाई रे. औषध खोटं नव्हतं. दुखणं येगळं व्हतं.”

अण्णांनी भिंतीवरचं वेळापत्रक काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या. बेंच आठवड्यातून दोनच दिवस. पहिल्या दिवशी स्पर्धेसारखा बेंच, प्रत्येक वेळी बार छातीवर थांबवून. दुसऱ्या दिवशी लांब थांब्याचा बेंच: बार छातीवर तीन सेकंद निश्चल, पाच सेट, प्रत्येकी तीन. त्यानंतर डंबेल प्रेस, हात पूर्ण खोल नेऊन. पाठीसाठी बार ओढण्याचा एक व्यायाम, कारण पाठ घट्ट असेल तरच छातीखाली पाया असतो. बाकी सगळ्यावर काट.

“एवढंच?” जॉबरनं विचारलं.

“एवढंच झेपू दे. आठ जणांना मदतीला बोलावलंस, तर त्यांना जेवू घालण्यातच तुझा दिवस जाईल. शीण मुख्य कामासाठी शिल्लक ठेवायचा. आणि अमेरिकेतल्या एरिक स्पोटोचं नाव ऐकलंयस? २०१३ मधे त्यानं शर्टाविना ७२२ पौंड नेले, म्हणजे आपले ३२७ किलो आणि वर थोडं. बार छातीच्या इंचभर वर थांबवून मग ढकलायचा त्याचा व्यायाम आज त्याच्याच नावानं वळखतात. एवढा मोठा गडीसुदा खालीच राबत व्हता. महिन्याभरानं तोबी देईन तुला.”

पहिल्या दिवशी अण्णांनी बारवर फक्त ८० किलो लावले. १३० वर टाळ्या घेतलेला माणूस ८० खाली झोपला. एक, दोन, तीन असं अण्णा सावकाश मोजत, आणि त्या तीन सेकंदांत छातीतली सगळी उसळी निघून जाई. उरे ते नुसतं खरं बळ. चार सेट झाले. पाचव्यातला तिसरा प्रेस खडूच्या पट्ट्यापाशी येऊन थांबला. ८० किलो! मागं उभ्या पोरानं बार धरला. जॉबरला कुणाकडं बघवेना.

खरी परीक्षा तिथून सुरू झाली. फळ्या कोपऱ्यातच होत्या. ज्या दिवशी अंग जड असे, त्या दिवशी मन म्हणे, आज फळ्या घे, १३० मार, चार पोरं बघतील, बरं वाटेल. एकदा अण्णा गावाला गेलेले असताना त्यानं फळ्या उचलल्याही. पोरांनी कौतुक केलं. पण घरी जाताना त्याला आपल्याच कामाची आठवण झाली. पाळीभर नीट चालणाऱ्या मागापाशी उभं राहून, बंद मागाकडं पाठ फिरवणाऱ्या जॉबरला काय म्हणतात, ते त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं फळ्या माळ्यावर टाकल्या.

आठवडे गेले. ८० चे ८२.५ झाले, मग ८५. मध्ये तीन आठवडे काहीच वाढलं नाही. अण्णांनी वजन वाढवू दिलं नाही, फक्त बार जास्त स्थिर मागितला. कोपराचं दुखणं थांबलं, बामाची बाटली फडताळात गेली. स्पोटोचा प्रेस आला. छातीला न टेकता, आधाराशिवाय बार हवेत धरताना त्याला प्रथमच कळलं की खाली उतरताना तो आजवर वजन सोडून देत होता, आणत नव्हता. चौथ्या महिन्यात तीन सेकंदांच्या थांब्यानं त्यानं ९२.५ किलोचे पाचही सेट पुरे केले. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. तीन सेकंद थांबलेल्या बारचं कौतुक फारसं कुणाला कळत नाही. अण्णांनी मात्र पट्ट्याकडं बघून मान हलवली.

स्पर्धा आली. पहिला प्रयत्न १०५. बार छातीवर आला, ‘प्रेस’, आणि सरळ वर. दुसऱ्यासाठी अण्णांनी ११० चं नावच घेतलं नाही. ११२.५ लिहून दिले. बार खाली आला. थांबला. हुकूम झाला. जिथं दोनदा बार मेला होता, ती चार बोटांची जागा आली आणि मागं पडली. कोपर सरळ झाले. पंचांचे तिन्ही दिवे पांढरे, उचल मान्य.

तिसऱ्याला ११५. बार छातीवरून निघाला, रेघेची जागा ओलांडून गेला, वर, आणखी वर, आणि हात सरळ व्हायला वितीहूनही कमी अंतर उरलं असताना थांबला. जॉबरनं जीव ओतला. बार परत खाली आला. तिन्ही दिवे लाल.

दोन दिवसांनी जॉबर तालमीत आला तो पडेल चेहऱ्यानंच. पाच किलो वाढले होते, पण मनात ११५ च होते. अण्णा बेंचपाशी उभे होते. त्यांनी तळव्यानं खांबावरचा तो जाड पांढरा पट्टा पुसून टाकला. मग खडू घेऊन त्याच्या बऱ्याच वर, नवी रेघ मारली.

जॉबर त्या रेघेकडं बघत राहिला. मग काही न बोलता शिडी आणली, माळ्यावर चढला आणि धूळ झटकून फळ्या खाली आणल्या. त्यानं त्या छातीशी धरल्या. तीन फळ्यांचा काठ रेघेशी जुळला.

“आता ह्या माझ्या, व्हय ना अण्णा?”

“आता तुझ्या,” अण्णा म्हणाले. “हातबी जरा जवळ धरून बेंच कर, ट्रायसेप्सला काम पडंल. पण खालचा थांबा सोडू नको. आणि खडू आता तुझ्याच खिशात ठेव.”

तात्पर्य: कोणताही पूरक व्यायाम स्वतःहून चांगला किंवा वाईट नसतो, आपण जिथं अडतो तिथं तो पोचतो का, एवढाच प्रश्न. दुसऱ्याचं बळ पाहून त्याचं औषध घेऊ नये, आणि जे आधीच जमतं त्याच्या टाळ्यांत रमू नये. आधी आपली रेघ शोधावी, मग मदतनीस निवडावा. आणि रेघ सरकली, की मदतनीसही नव्यानं निवडावा.