वहीवाला वाटसरू

लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी ती वाट सुमारे २५ किलोमीटरांची. पण तेवढ्यात ती जवळजवळ १००० मीटर खाली उतरते, आणि तीही उजाड डोंगरांमधून. याजक येतो, लेवी येतो. दोघेही पाहतात आणि बाजूने निघून जातात. त्यांच्या मागून आणखी एक वाटसरू येत आहे, अशी कल्पना आम्ही करून पाहिली. त्याच्या हाती वही आहे. जखमी माणूस कोठे पडला, तेथून उतारशाळा किती दूर, या वळणावर याआधी किती जण लुटले गेले, हे तो टिपून घेतो आणि पुढे जातो. याला कोणाच्या पंक्तीत बसवावे? लेव्याच्या की शोमरोन्याच्या?

भूगोल आणि आरोग्य यांचा संबंध शोधणारी अभ्यासकांची एक तरुण पिढी आज अनेक विद्यापीठांतून काम करीत आहे. माणूस राहतो कोठे यावरून त्याचे आजार आणि आयुर्मान कसे बदलते, दवाखान्यापर्यंतची वाट त्याला किती महाग पडते, हे ती नकाशावर मांडते. हाताशी दोन-तीन वर्षांची शिष्यवृत्ती, मग प्रबंध, मग दुसरे गाव. ज्यांचे दुःख मोजले त्यांचे आपण काय लागतो, हा प्रश्न त्यांतील प्रामाणिक मनांना छळत असणारच.

या विद्येचा उगम सांगताना लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाची हकीकत सांगतात. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागात पटकीची साथ उसळली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी पाण्याकडे बोट दाखविले, ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढविला आणि पुढे मृत्यूंचा नकाशा काढला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याच वस्तीतल्या सेंट ल्यूक चर्चचे साहाय्यक धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांची गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. (ते अँग्लिकन होते, आमच्या वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे.) वय तिशीच्या आतले. स्नो यांचे म्हणणे त्यांना मुळीच पटले नव्हते. ते खोडून काढावे म्हणूनच ते घरोघर फिरले. एकेका घरी चार-पाच वेळा गेले, कोणी कोणते पाणी प्याले ते विचारले. आणि अखेरीस स्नोच बरोबर आहेत, असे त्यांना मान्य करावे लागले. ४० नंबरच्या घरातील एका तान्ह्या मुलीच्या आजाराची नोंद त्यांच्याच नजरेस पडली. तिचे लंगोट धुतलेले पाणी आईने ज्या हौदात ओतले होते, तो विहिरीपासून तीन फुटांवरही नव्हता आणि पाझरत होता. नकाशाने पंपाकडे बोट दाखविले. पंप बिघडला कसा, हे ज्याला त्या घराचा जिना ठाऊक होता त्याला कळले. व्हाइटहेड तेथे अभ्यासक म्हणून गेले नव्हते. ती त्यांची माणसे होती. मेलेल्यांपैकी कित्येकांच्या उशाशी ते बसले होते.

स्नो यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या सुधारित नकाशात त्यांनी पंपापासूनचे अंतर सरळ रेषेत न मोजता, माणूस ज्या गल्लीबोळांतून चालत जाईल त्या वाटेने मोजले. हे आम्हांला केवळ गणित वाटत नाही. चालणाऱ्याच्या पायांनी अंतर मोजणे ही आदराचीच एक रीत आहे.

आपल्याकडे हा आदर कितपत आहे? प्राथमिक आरोग्य केंद्राचा आपला रूढ निकष डोक्यांचा आहे: सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे एक, डोंगरी व आदिवासी भागात २०,००० मागे एक. मोखाड्याच्या पाड्यावरून बाळंतिणीला झोळीत घालून ओढा ओलांडणाऱ्यांना या आकड्यांतील सवलत कशी पुरावी? वेल्समधील खाणकामगारांच्या ग्लिनकोरग गावचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवले की जेथे गरज अधिक तेथे चांगली वैद्यकसेवा कमी, असाच कल असतो. बाजाराच्या हाती सोपविल्यास तो अधिकच बळावतो, हेही त्यांनी बजावले होते.

तेव्हा मोजणारा हवाच. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्क येथील भाषणात सुचविले होते की जखमीला उचलणे ही केवळ सुरुवात आहे. यरीहोची वाटच बदलावयास हवी. आणि वाट बदलावयाची तर ती आधी कोणीतरी मोजलेली असली पाहिजे. येथपर्यंत आम्ही वहीवाल्याच्या बाजूने आहोत.

पण गडचिरोलीपाशी आमचे मन अडखळते. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत अवलंबिली. प्रशिक्षित गावकरी स्त्रिया घरी जात, वजन करीत, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी उतरला, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही तुलना होती दुसऱ्या ४७ गावांशी. तेथे नेहमीची सरकारी सेवा चालू होती आणि जन्ममृत्यूंची नोंद घेतली जात होती. कोणी म्हणेल, उपाय लागू पडतो की नाही हेच ठाऊक नव्हते. ठाऊक असलेले औषध कोणी दडवून ठेवले नाही. हे खरे आहे. त्या नोंदींवाचून जगाने विश्वासही ठेवला नसता, आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या नवजात बालकांच्या घरी जाऊ लागल्या, त्याही कदाचित गेल्या नसत्या. हा युक्तिवाद आम्हांला मान्य आहे. तरीही त्या ४७ गावांतील एखाद्या आईसमोर तो बोलून दाखविण्याचे धैर्य आमच्यापाशी नाही. तिच्या बाळाची नोंद दुसऱ्यांच्या बाळांच्या कामी आली, आणि तिला कोणी विचारले असते तर तिने ती आनंदाने दिलीही असती. पण दान हे देणाऱ्याने द्यावयाचे असते, घेणाऱ्याने गृहीत धरावयाचे नसते.

शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन, असा शब्द दिला. व्हाइटहेडना परत यावे लागलेच नाही. ते तेथेच राहत होते. आमच्या तरुण अभ्यासकाची शिष्यवृत्ती मात्र संपलेली असते, आणि त्या पाड्यावर पुन्हा जाण्याचे भाडे ती देत नाही.